थांबणारा पंखा ऐकणारी बाई

कानताईचं खरं नाव कारखान्यात कुणालाच आठवत नसे. हजेरीच्या यादीत असेल कुठेतरी लिहिलेलं, पण सुपरवायझरपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे कानताईच म्हणायचे. "मला डोळे पण आहेत, हात पण आहेत, तुम्हाला मेल्यांनो कानच तेवढे दिसले!" असं ती करवादायची खरी, पण एखाद्या नवीन मुलीनं चुकून 'मॅडम' म्हटलं की तोंड असं वाकडं करायची की ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून आपोआप कानताई म्हणायला लागायची.

कारखाना पंख्यांचा. छताला लावायचे नाहीत, कॉम्प्युटरच्या आत बसतात ते, तळहाताएवढे, काळे, सात पातींचे. लांबलचक टेबलावर एका बाजूनं नुसती चौकट यायची आणि दुसऱ्या बाजूला फिरता पंखा निघायचा, मध्ये बावीस बायका. कुणी तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची, कुणी पाती, कुणी तेल, कुणी स्टिकर. आणि सगळ्यात शेवटी, भिंतीला टेकून, लाकडी खोक्यासारखी एक खोली, आतून सगळीकडे स्पंज लावलेला, दाराला एवढीशी काच, दार लावलं की बाहेरचं जग बंद. त्यात कानताई. एकोणीस वर्षं.

तिचं काम एका वाक्यात सांगता येतं आणि तरी ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही. पंखा वायरला लावायचा, कानाजवळ धरायचा, चार सेकंद ऐकायचं. चांगला असेल तर निळ्या ट्रेमध्ये, खराब असेल तर लालमध्ये. बस. पण गंमत अशी की बाकी ज्या ज्या बायकांना त्या खोलीत बसवून बघितलं त्या सगळ्या चालू पंखा ऐकायच्या. कानताई थांबणारा ऐकायची! दोन सेकंद चालू, मग वीज बंद, आणि उरलेले दोन सेकंद तो कसा थांबतो ते. "चालताना सगळेच गोड बोलतात गं," ती नवीन मुलींना सांगायची, "थांबताना कळतं कोण कसं आहे ते. तेल नीट असलं तर पाती अलगद थांबतात, शेवटी एक एवढासा झोका मागे घेतात, पाळणा थांबतो ना तसा. आणि कोरडा असला तर खर्र करून एकदम उभा राहतो. कुणीतरी मध्येच हात धरल्यासारखा."

लाल ट्रेचा एक नियम होता, फार जुना, कुणी केला कुणास ठाऊक. शिफ्ट संपायच्या आधी ज्या बाईच्या हातची चूक असेल तिच्याच टेबलावर तिचे खराब पंखे नेऊन ठेवायचे. ती बाई स्वतः ते उघडणार, स्वतः बघणार काय चुकलंय, स्वतः दुरुस्त करणार. ओरडा नाही, काही नाही. पण सगळ्यांसमोर आपली चूक आपल्यापुढे येऊन बसायची, ते ओरड्यापेक्षा वाईट. आणि रोज दहाच्या वर गेले की मग मात्र सुपरवायझर बोलावून घ्यायचा.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं, कारण कानताईचं सगळं आयुष्यच मुळात धाकटीबद्दल होतं.

आई गेली तेव्हा कानताई सोळाची होती आणि धाकटी सातची. वडील होते, पण असून नसल्यासारखे, सकाळी जायचे आणि संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसायचे. मग धाकटीची वेणी, धाकटीचा डबा, धाकटीचा ताप, सगळं हिच्याकडे. गृहपाठ राहिला की कानताई डाव्या हातानं लिहून द्यायची, म्हणजे अक्षर वाकडंतिकडं यायचं आणि शाळेतल्या बाईंना कळायचंच नाही! कप फुटला की "माझ्या हातून फुटला." पैसे हरवले की "मीच खर्च केले." धाकटीच्या वाटणीचं एकूण एक खापर हिनं हौसेनं आपल्या डोक्यावर फोडून घेतलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. धाकटीचं मात्र थाटात लावून दिलं. नवरा ट्रक चालवायचा, हसरा माणूस, मेव्हणीला 'सासूबाई' म्हणून चिडवायचा, कारण म्हणे सासरच्या घरात सासूचा दरारा हिचाच.

तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत तो गेला.

धाकटी त्यानंतर खाटेवर पडून राहिली. एक-दोन महिने नाही, दीड वर्ष. भिंतीकडे तोंड करून. जेवण समोर ठेवलं तर खायची, नाही ठेवलं तर नाही. कानताई कामावरून आली की ती सकाळी होती त्याच कुशीवर असायची. एकदा कानताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ती म्हणाली, "ताई, मला काही वाटतच नाही गं. वाईट पण वाटत नाही." त्या दिवशी कानताईला जी भीती बसली ती पुढे कधी गेलीच नाही, कितीही बरं चाललेलं असलं तरी.

म्हणून तिनं सुपरवायझरचे अक्षरशः पाय धरले आणि धाकटीला तेलाच्या जागेवर लावून घेतलं.

पहिल्या दिवशी धाकटी पंखा हातात घेऊन उलटसुलट करत म्हणाली, "ताई, हा एवढासा? हा कॉम्प्युटर गार करतो? फ्रीजसारखा?"

"गारबीर काही करत नाही गं तो. त्याच्यात गारवा आहे कुठे?"

"मग?"

"आत नखाएवढी एक चिप असते. काम करायला लागली की अशी तापते की बोट लावलं तर फोड येईल. तिच्या डोक्यावर एक धातूचा ठोकळा, फणीसारखा, दातेच दाते. उष्णता त्या दात्यांमध्ये चढते. दात्यांमधली हवा तापते आणि तिथेच बसून राहते, हलायचं नावच नाही. हा तिला हाकलतो. ती गेली की नवीन हवा आत येते. एवढंच."

"म्हणजे नुसता हाकलतो!"

"नुसता हाकलतो. पण हाकलायचं थांबला तर पाच मिनिटांत सगळं बंद."

"आणि हा फिरतो कसा?"

कानताईनं तिला पाती काढून दाखवल्या, आतली गोल चुंबकाची रिंग, खाली तांब्याची चार वेटोळी. वेटोळ्यात वीज गेली की ती चुंबक होतात, एक ओढतं, एक ढकलतं. आणि टिकलीएवढा एक तुकडा बसवलेला असतो, त्याला कळतं की आता चुंबकाची कुठली बाजू समोर आलीय, तो लगेच विजेची दिशा बदलतो, म्हणजे पाती पोचायच्या आत ओढणारं पुढे सरकलेलं!

धाकटी म्हणाली, "म्हणजे सारखं गाजर दाखवून पळवत ठेवायचं."

आणि हसली. दीड वर्षानंतर हसली! कानताई त्या दिवशी खोक्यात जाऊन दार लावून इतकी रडली की पहिले वीस पंखे तिनं नुसतेच हातात धरून ठेवले.

धाकटीचं काम असं: पितळेच्या बारीक नळीत, तिला बुश म्हणतात, सुईच्या टोकाच्या बाटलीतून दोन थेंब तेल सोडायचं. मग पातींची दांडी त्यात घालायची, उलटा करायचा, चिमट्यानं एक केसाएवढी रिंग खाचेत बसवायची, वरून भोकात आणखी एक थेंब. दांडी पितळेवर फिरत नाही, तेलावर फिरते. तेल नसलं तरी नवा पंखा फिरतोच, दिसायला छान फिरतो, पण आतून घासत जातो, झिजतो, डगमगायला लागतो आणि काही महिन्यांत अडकतो. पुढच्या खुर्चीवर स्टिकरवाली. ती त्या भोकावर स्पिरिटचा बोळा फिरवून गोल स्टिकर चिकटवायची, म्हणजे तेल बाहेर यायला नको. स्टिकरवालीचं तोंड सकाळी चालू झालं की सुट्टीलाच बंद. "माझा अंगठा बघा," ती म्हणायची, "यानं दाबलेलं स्टिकर माझा नवरा दातांनी ओढेल तरी निघणार नाही, आणि तो दातांनी काय काय ओढतो ते मला माहीत!" धाकटी लाजून लाल. मग हळूहळू लाजेना. मग उलट उत्तरं द्यायला लागली. चार वर्षांत ती अशी झाली की डब्याच्या सुट्टीत सगळ्या बायका तिच्याभोवती.

आणि मग एका दिवशी एक पंखा खर्र करून थांबला.

कानताईनं तो परत लावला. परत खर्र. कोरडा. तिनं लाल ट्रेत ठेवला, त्यात काय, होतं कधी कधी. पण त्या दिवशी आणखी चार निघाले. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी परत सहा निघाले तेव्हा खोक्याच्या काचेतून तिनं नीट बघितलं. धाकटीचा हात भोकाच्या वर जाऊन थांबत होता, थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि थेंब काठावर पडत होता. धाकटीचं लक्ष नव्हतं, ती स्टिकरवालीशी हसत होती. तिला वाटत होतं थेंब आतच गेलाय.

सहाचे दहा होतील. दहाचे अकरा झाले की सुपरवायझर बोलावणार. तेलाच्या जागेवरून काढणार, आणि दुसरी जागा नाहीये. आणि मग ती खाट आणि ती भिंत.

कानताईनं लाल ट्रेमधले सहाच्या सहा पंखे उचलले आणि मांडीवर घेतले.

दुरुस्तीची तेलाची बाटली तिच्याकडे असायचीच. नखानं स्टिकरची कड उचलायची, दोन थेंब, स्टिकर परत खाली, अंगठ्यानं दाबायचं. पंखा लावून बघायचा. अलगद थांबतोय? झोका घेतोय? निळ्या ट्रेमध्ये. इतकं सोपं! खरं तर नियम असा होता की काढलेलं स्टिकर फेकून द्यायचं, जागा स्पिरिटनं पुसायची आणि नवीन लावायचं, पण स्टिकरं स्टोअरमधून मोजून यायची, रोज सहा जास्त मागितली तर कुणीतरी विचारणारच. तिला वाटलं, चिकटलंय की, काय फरक पडतो. कान तिचा होता ना. गोंदाचं तिला काय कळणार. गोंदाचा आवाज येत नाही.

सुरुवातीला रोज पाच-सहा. दोन-तीन महिन्यांनी पंधरा. मग पंचवीस. डब्याच्या सुट्टीत ती खोक्यातून बाहेरच येईना. "कानताई, आत काय अंडी उबवतेस का गं?" स्टिकरवाली बाहेरून ओरडायची. "उबवतेच!" ही आतून. आणि मांडीवर धाकटीचे पंखे.

धाकटीच्या हातातून चहाचा कप सुटला एकदा. मग ती दोन्ही हातांनी धरून प्यायला लागली. बोटांना मुंग्या येतात म्हणाली. कानताई म्हणाली, "दाखवून ये ना डॉक्टरला."

धाकटी म्हणाली, "कशाला उगीच? तूच सांग, सहा महिन्यांत माझ्या टेबलावर लाल ट्रे आलाय का एकदा तरी? हात बिघडला असता तर पहिलं तिथे कळलं असतं. वय झालं गं ताई, चाळिशी आली."

कानताईनं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग तिनं धाकटीकडे बघितलं, ती कसलंसं गाणं गुणगुणत होती, आणि तोंड मिटलं. एवढंच झालं. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसलंही नसतं.

पुढे आठ-नऊ महिन्यांनी विकलेल्या पंख्यांची खोकी परत यायला लागली. कुठल्यातरी मोठ्या ऑफिसात एकामागून एक कॉम्प्युटर आपोआप बंद पडत होते. तिथल्या माणसांनी उघडून बघितलं तर पंखे अडकलेले, ठोकळे तापून लाल व्हायचे बाकी. तीनशेच्या वर पंखे परत आले. कारखान्याच्या साहेबांनी ते टेबलावर ओतले, एकेक उघडला, आणि प्रत्येकाचं तेच. स्टिकर कडेनं सुटलेलं, खाली धुळीची काळी चिकट वळी, तेल सगळं बाहेर गेलेलं, बुश घासून वाकडं.

स्टिकर सुटलं म्हणजे कुणाची चूक? स्टिकरवालीची! हे कळायला काही साहेब लागत नाही.

त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. दिवसभर बडबडणारी ती बाई, आणि ती नुसता आपला अंगठा दाखवत होती. "साहेब, मी दाबते हो. विचारा सगळ्यांना. मी असं दाबते." साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. सगळ्या बायका खाली बघत होत्या. धाकटीच्या डोळ्यात पाणी, ती म्हणाली, "साहेब, ती मन लावून काम करते हो," आणि साहेब म्हणाले, "पंखे खोटं बोलतात का मग?"

खोक्याचं दार उघडं होतं. कानताई बाहेर आली.

"मी चिकटवले ते," ती म्हणाली.

"काय?"

"स्टिकर. मी काढून परत चिकटवले. हिचा काही दोष नाही."

"कशासाठी?"

बावीस बायका. एकोणीस वर्षं. कानताई म्हणाली, "आत तेल घालायला. कोरडे होते थोडे."

साहेबांनी तेलाच्या जागेकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. धाकटीनं बाटली हातात धरली होती आणि ती, आता सगळ्यांना दिसत होतं, एकदा दिसायला लागलं की लपत नाही ना, ती बाटली थरथरत होती.

स्टिकरवालीची नोकरी वाचली. निघताना ती कानताईपाशी आली, नेहमीसारखं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि एवढंच म्हणाली, "मी तुला आई मानायचे गं." आणि गेली. कानताईला पॅकिंगला टाकलं, खोकी दुमडायला. धाकटीला सांगितलं, डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग बघू.

त्या संध्याकाळी घरी धाकटी आदळआपट करत होती. कानताईला उलट बरं वाटलं, निदान भिंतीकडे तोंड करून पडली तरी नाही. "सगळ्यांसमोर! सगळ्यांसमोर काढलंस ताई माझं! आधी मला एकटीला सांगायला काय झालं होतं? थोडे म्हणजे किती होते?"

"थोडे," कानताई म्हणाली.

"आठ? दहा?"

"तसेच."

अजून सुद्धा. अजून सुद्धा तिला वाटत होतं की हे एवढं झाकलं तर निभावून जाईल.

डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलणारा. त्यानं धाकटीला बोटं उघडझाप करायला सांगितली, जितकं भरभर जमेल तितकं. जमेना. कोपराखाली छोट्या हातोडीनं टकटक केलं, एका सरळ रेषेवर चालायला लावलं, मानेचे फोटो काढायला पाठवलं. दोन दिवसांनी त्यांना परत बोलावलं आणि फोटो उजेडासमोर धरला. मानेच्या मणक्यांमध्ये एका जागी आतली जाडी नस चेपली होती, दोन्ही बाजूंनी, चिमटीत पकडल्यासारखी.

"हाताचं हे कधीपासून आहे?" त्यानं विचारलं.

"दोन-तीन महिने झाले असतील," धाकटी म्हणाली. "मुंग्या तशा आधीपासून, पण हात चालत होता. काम अगदी व्यवस्थित होतं माझं."

डॉक्टरचा चेहरा थोडा उजळला. "दोन-तीन महिनेच असेल तर चांगलं आहे. लवकर ऑपरेशन केलं तर पुष्कळसं परत येतं. नक्की तेवढंच ना? कारण मला इथे नस बरीच खराब दिसतेय. नीट आठवून सांगा, त्यावर सगळं आहे."

धाकटी म्हणाली, "नक्की."

कानताई स्टुलावर बसली होती, हातात पर्स. तिला तो पहिला खर्र ऐकू येत होता. तारीखसुद्धा माहीत होती तिला. बोलली नाही तर डॉक्टर चुकीचा हिशोब धरणार. बोलली तर.

"चौदा महिने," ती म्हणाली.

डॉक्टरनं वळून बघितलं. "तुम्ही कोण?"

"मोठी बहीण."

"तुम्हाला कसं माहीत? त्यांना स्वतःला माहीत नाही."

"मला पंख्यांवरून कळायचं," कानताई म्हणाली, आणि मग सगळंच सांगितलं, पहिल्या दिवशी चार-पाच, मग पंधरा, मग पंचवीस, शेवटी शेवटी रोज चाळीस. कधी वाढले, कधी एकदम वाढले, सगळं. डॉक्टर लिहून घेत होता. त्याच्या कामाचं होतं ते. धाकटीकडे कानताईनं बघितलं नाही, बघवलं नसतं, पण धाकटीचा श्वास मात्र तिला ऐकू येत होता, आत गेलेला आणि बाहेर न आलेला.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, ऑपरेशन करावंच लागेल, नाही केलं तर पायसुद्धा जातील. पण हातांचं, जे गेलंय ते परत येईल असं तो सांगू शकत नव्हता. नस इतके दिवस दबून राहिली की आतून मरत जाते.

"गेल्या वर्षी आलो असतो तर?" धाकटीनं विचारलं.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," डॉक्टर म्हणाला, आणि नजर कागदावर नेली.

ऑपरेशन झालं. चाल सुधारली. हात नाही. तीन महिने झाले, व्यायाम झाले, रबराचा चेंडू दाबून झाला. चमचा धरता येतो, मूठ करून, लहान मुलं धरतात तसा. चिमटा कधी धरता येणार नाही. कारखान्यातून स्टिकरवाली दोनदा येऊन गेली, धाकटीशी तासभर बोलली, कानताई चहा घेऊन आली की गप्प बसायची.

आणि धाकटी? ती परत खाटेवर पडेल, भिंतीकडे तोंड करेल, हे जे कानताईला चौदा महिने दिवसरात्र दिसत होतं, ते झालंच नाही. रोज सकाळी उठते. चिडते, रडते, आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या देते, पण उठते. ती मोडली नाही! कानताईला हे सगळ्यात जड गेलं. ज्या भीतीपायी सगळं केलं ती भीती खोटी निघाली.

एका दुपारी धाकटी बोलली. आधी तीन महिने 'पाणी दे', 'दार लाव' एवढंच चाललं होतं.

"तुला वाटलं मी सहन करणार नाही."

"हो."

"मी सातची नाहीये ताई."

"नाही."

"माझी चूक होती ना ती? माझ्या हातची? मग माझ्या टेबलावर का नाही ठेवलीस? मी रोज त्या टेबलाकडे बघून स्वतःला सांगायचे, हात चांगला आहे, हात चांगला आहे. तुझ्यावर विश्वास ठेवून सांगायचे. माझा हात माझ्याशी बोलत होता गं, आणि तू मध्ये बसून..." ती थांबली. मग एकदम मोठ्यानं, "काहीतरी बोल ना! नेहमी सगळं अंगावर घेतेस, आता घे!"

"घेतलं," कानताई म्हणाली.

"त्यानं काय होतं?"

"काही होत नाही."

गल्लीत कुणीतरी बादली ओढत नेत होतं. मग धाकटी उठली, तिला व्यायामाला दवाखान्यात जायचं होतं, आणि खुंटीवरचा शर्ट घालून बटणं लावायला लागली. कानताईचे हात सवयीनं पुढे गेले.

"नको," धाकटी म्हणाली.

कानताई मागे सरकून बसली. पहिलं बटण दोन मिनिटांत गेलं. दुसरं तिसऱ्या प्रयत्नात. तिसऱ्याला धाकटीच्या कपाळावर घाम आला, ओठ दाताखाली, बोटं कापडावरून घसरत होती, बटण काजाच्या तोंडाशी येऊन परत मागे. कानताईला वाटलं आपल्याच मानेत कुणीतरी चिमटा घातलाय. शेवटी गेलं. मग चौथं, आणि शेवटचं पाचवं तिनं तसंच सोडलं. धाकटीनं मोठा श्वास सोडला आणि दाराकडे निघाली, जवळजवळ खुशीतच.

शर्टची एक बाजू वर चढली होती.

कानताईला दिसलं. रस्त्यावर लोक बघतील, दवाखान्यात बघतील. आणि ती इतकी दमलीय, आणि खुश आहे, आणि एवढंसं तर आहे.

"धाकटे," ती म्हणाली.

"काय?"

"चुकलंय. दुसरं बटण तिसऱ्याच्या काजात गेलंय."

धाकटीनं खाली बघितलं. तिचा चेहरा पडला. ती परत आत आली, खाटेच्या कडेवर बसली, आणि खालून वर एकेक बटण काढायला लागली. कानताई समोर बसून होती. दवाखान्याची वेळ निघून चालली होती. चारही निघाल्यावर धाकटीनं वर न बघता विचारलं, "पहिलं बरोबर होतं?"

"पहिलं बरोबर होतं."

मग तिनं ते परत हातात घेतलं.